रोगाची पारख : व्यवच्छेदक निदानाचा इतिहास



पावसाळा सरत आला की फुलंब्रीच्या परिसरात घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागतात. एकाच दिवशी, एकाच दवाखान्याच्या बाकावर तापाने फणफणलेली तीन माणसे बसलेली असू शकतात. एकाला हिवताप असतो, दुसऱ्याला डेंग्यू, तर तिसऱ्याला विषमज्वर, म्हणजे लोक ज्याला टायफॉइड म्हणतात तो. तिघांचेही अंग तापलेले, तिघांचेही डोके दुखत असते आणि तिघांचीही अन्नावरची वासना उडालेली असते. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही आजार एकच वाटतात. परंतु पहिल्यास गुण देणारे औषध तिसऱ्यास निरुपयोगी ठरते, आणि अंगदुखीवर म्हणून सहज घेतलेली एखादी वेदनाशामक गोळी डेंग्यूच्या रुग्णात रक्तस्राव वाढवून त्याच्या जिवावर बेतू शकते. सारख्या दिसणाऱ्या अनेक रोगांतून नेमका रोग वेगळा काढण्याची जी विद्या, तिला वैद्यकशास्त्रात व्यवच्छेदक निदान असे म्हणतात. या विद्येचा इतिहास हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

व्यवच्छेद म्हणजे तोडून वेगळे करणे. शब्द जड असला तरी कृती व्यापारी समाजाला अपरिचित नाही. दोन ताग्यांचे कापड रंगाने व पोताने सारखे दिसत असेल, तर जाणता कापडव्यापारी त्यातला एकेक दोरा काढून काडीने पेटवून पाहतो. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची राख होते. रेशमाच्या व लोकरीच्या दोऱ्याला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टरचा दोरा वितळून त्याचा कडक मणी बनतो. नुसत्या डोळ्यांनी जे ठरत नाही, ते फरक दाखवणाऱ्या एका परीक्षेने ठरते. उत्तम वैद्यही असेच करतो. रोग्याची लक्षणे ऐकून तो मनात संभाव्य रोगांची यादी तयार करतो आणि मग एकेक प्रश्न, एकेक तपासणी अशी निवडतो की तिच्या उत्तराने यादीतील काही नावे गळून पडावीत. अखेरीस जे टिकते, तेच निदान होय. या पद्धतीचे मर्म घाईने उत्तर देण्यात नसून, योग्य वेळ येईपर्यंत शंका जागी ठेवण्यात आहे.

भारतीय वैद्यकात या विचाराची मुळे फार जुनी आहेत. चरकसंहितेच्या निदानस्थानात ज्वरापासून अपस्मारापर्यंत आठ व्याधींचे निदान आठ अध्यायांत सांगितले आहे. रोग ओळखण्याची पाच साधने आयुर्वेदाने मानली : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षणे, उपशय म्हणजे कशाने बरे वाटते याची परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसा घडत गेला त्याचा क्रम. यांपैकी उपशयाची कल्पना विशेष विचार करण्याजोगी आहे. ज्या व्याधीची लक्षणे गूढ आहेत, तिची परीक्षा कोणत्या आहार-औषधाने आराम पडतो आणि कशाने त्रास वाढतो यावरून करावी, असा चरकाचा उपदेश आहे. आजचे डॉक्टरही क्वचित प्रसंगी औषधाचा परिणाम पाहून निदान पक्के करतात. त्याचे बीज येथे आढळते.

त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात एक मार्मिक परीक्षा सांगितली आहे. रोग्याच्या शरीरातून पडलेले रक्त शुद्ध आहे की रक्तपित्ताने दूषित झाले आहे, अशी शंका आल्यास ते कुत्र्या-कावळ्यांपुढे ठेवावे. त्यांनी खाल्ले तर शुद्ध, न खाल्ले तर दूषित समजावे. आज ही परीक्षा कोणी करणार नाही. तथापि तिच्यामागची विचारपद्धती पाहिली पाहिजे. दोन शक्यता समोर आहेत, डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून फरक दाखवील अशी एक कसोटी शोधली आहे. व्यवच्छेदक निदानाचा आत्मा तो हाच.

चरकाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती आजच्या वैद्याने आणि रुग्णानेही ध्यानी धरावी अशी आहे. एखाद्या विकाराला नाव देता आले नाही तरी वैद्याने लज्जित होऊ नये. कारण सर्वच विकारांना निश्चित नावे असतात असे नाही, असा त्याचा आशय आहे. ‘अजून निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक ज्या शास्त्राने दोन हजार वर्षांच्या आसपास आपल्या वैद्याला दिली, त्या शास्त्राची प्रामाणिकता वंदनीय आहे.

पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकर या आचार्याने ‘रोगविनिश्चय’ हा केवळ निदानाला वाहिलेला ग्रंथ सिद्ध केला. ‘माधवनिदान’ या नावाने तो सर्वत्र प्रसिद्ध आहे. चिकित्सा बाजूला ठेवून फक्त रोग ओळखण्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिणे, हे त्या काळातील विलक्षण काम होते. जैन परंपरेतही आरोग्यविद्येचा स्वतंत्र प्रवाह होता व त्याला प्राणावाय असे नाव होते. त्या प्रवाहातील उग्रादित्याचार्यांच्या ‘कल्याणकारक’ या संस्कृत ग्रंथात वातरोग, पित्तरोग, कफरोग अशा अधिकारांनी रोगांची विभागणी केलेली आढळते. राष्ट्रकूट नृपती नृपतुंगाच्या सभेशी या ग्रंथाचा संबंध सांगितला जातो, आणि हा ग्रंथ १९४० साली सोलापूर येथून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. वेरूळची लेणी ज्या राष्ट्रकूटांच्या नावाशी जोडलेली आहेत, त्यांच्याच राज्यात ही विद्याही बहरत होती, ही गोष्ट या परिसरातील वाचकांस ठाऊक असावी.

या जुन्या परंपरेत रोगांचे वर्गीकरण मुख्यतः दोषांवरून होत असे. युरोपातही दीर्घकाळ शरीरातील चार रसांवरून रोगांची उपपत्ती सांगितली जाई. तेथे सतराव्या शतकात लंडनच्या थॉमस सिडनहॅम या वैद्याने निराळा विचार मांडला. वनस्पतिशास्त्रज्ञ जशा झाडांच्या जाती ओळखतात, तशाच रोगांनाही जाती असतात. त्या रुग्णाच्या उशाशी बसून, नीट निरखून वेगळ्या केल्या पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. गोवर आणि अंगावर लाल पुरळ उठवणारा स्कार्लेट ज्वर यांतील भेद त्याने दाखवला.

परंतु निरीक्षणास साधने हवीत. १७६१ साली व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर याने छातीवर बोटांनी ठोकून आतील दोष ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इटलीतील मोर्गान्यी याने मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनांतून रोगाचे स्थान कोणत्या अवयवात असते, हे दाखवणारा महाग्रंथ प्रकाशित केला. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक याने स्टेथोस्कोपचा शोध लावला. त्यामुळे जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर दिसलेला अवयव यांची सांगड घालता येऊ लागली. आपण केलेले निदान बरोबर होते की चूक, याचा पडताळा घेण्याची सोय वैद्यकाच्या हाती आली, ही त्या शतकाची मोठी देणगी होय.

या पडताळ्याचे फळ लवकरच दिसले. त्या काळी युरोप-अमेरिकेत टायफस नावाच्या तापाने हजारो माणसे मरत. टायफॉइड या शब्दाचा मूळ अर्थच ‘टायफससारखा’ असा आहे, यावरून दोन्ही ताप किती एकमेकांत मिसळले होते याची कल्पना येते. पॅरिसच्या पिएर लुई याने १८२९ साली टायफॉइडमध्ये आतड्यातील विशिष्ट भागांत व्रण पडतात, हे शवविच्छेदनांवरून तपशीलवार मांडले. त्याचा अमेरिकन शिष्य विल्यम गेरहार्ड याने फिलाडेल्फियातील साथीत मरण पावलेल्यांची आतडी तपासली, तेव्हा त्यांत ते व्रण नव्हते. १८३७ साली त्याने जाहीर केले की हे दोन ताप भिन्न आहेत. लंडनमध्ये विल्यम जेनर याने पुढे त्याला दुजोरा दिला. हा भेद केवळ पुस्तकी नव्हता. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून पसरतो, तर टायफस उवांमार्फत, हे पुढे सिद्ध झाले. दोन्ही एकच समजले असते, तर गावाने पाणी शुद्ध करावे की कपडे उकळावेत, हेच ठरले नसते. रोग वेगळा ओळखला, म्हणून उपाय वेगळा सापडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टनचे डॉ. रिचर्ड कॅबट यांनी या विद्येस शिस्तबद्ध रूप दिले. त्यांच्या १९११ सालच्या ‘डिफरन्शियल डायग्नोसिस’ या ग्रंथात ३८३ रुग्णांच्या हकिकती आहेत. त्यांची मांडणी रोगांच्या नावांवरून नव्हे, तर रुग्ण जी तक्रार घेऊन येतो तिच्यावरून केली आहे. कारण रुग्ण कधी रोगाचे नाव घेऊन येत नाही, तो पाठदुखी किंवा डोकेदुखी घेऊन येतो. पुढील वर्षी, १९१२ साली, लंडनच्या हर्बर्ट फ्रेंच यांचा लक्षणांवरून रोगभेद सांगणारा कोश प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कॅबट यांनी ३००० शवविच्छेदनांशी डॉक्टरांची निदाने ताडून पाहिली आणि किती रोग जिवंतपणी ओळखलेच गेले नव्हते, हे उघडपणे छापले. अनेक समव्यवसायी त्यांच्यावर रुष्ट झाले. परंतु ज्या पेढीचा ताळेबंद कधी तपासलाच जात नाही, त्या पेढीतील तूट कधी सापडत नाही. कॅबट यांनी वैद्यकाच्या पेढीचा ताळेबंद मांडला, एवढेच. त्यांच्या बोस्टनच्या रुग्णालयातील अवघड रुग्णांच्या चर्चा १९२० च्या दशकापासून नियमितपणे छापल्या जात आहेत, आणि जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अशा चर्चांतून विद्यार्थी निदान शिकतात.

आता हाच इतिहास महाराष्ट्राच्या भूमीवर कसा घडला, ते पाहता येईल. त्यातील तीन प्रसंग विशेष बोधप्रद आहेत.

पहिला प्रसंग मुंबईतील १८९६ सालचा. बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याची गोदामे आणि दाट व्यापारी वस्ती होती. त्या सप्टेंबरात तेथे तीव्र ताप आणि जांघेत गाठ घेऊन रुग्ण दिसू लागले. जांघेतील गाठ पायाच्या जखमेनेही येते, हत्तीरोगानेही येते, गुप्तरोगानेही येते. आणि मुंबईत ताप तर बारमाही. वेगवेगळी पाहिली, तर दोन्ही लक्षणे नेहमीचीच होती. मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मात्र ती एकत्र पाहिली. अल्पकाळात, एकाच वस्तीत, असा ताप आणि अशी गाठ यांची जोडी आणि वेगाने येणारा मृत्यू, हे सारे एकाच रोगात बसते, हे त्यांनी ओळखले, आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी ही गाठीच्या प्लेगची साथ असल्याचे जाहीर केले. हे निदान उच्चारणे सोपे नव्हते. बंदर, व्यापार आणि सरकार या सर्वांनाच ते अप्रिय होते. परंतु प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येरसां यांनी शोधला होता. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची साक्ष उपलब्ध होती. त्या साक्षीने व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरवले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले, लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. साथ थांबली नाही, ती पसरतच गेली. पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हे सर्वांस विदित आहे. तथापि शत्रूचे नाव कळल्याखेरीज त्याच्याशी लढाच देता आला नसता.

दुसरा प्रसंग या भागाच्या अभिमानाचा आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड हे गाव आहे. १९८१ साली जालना जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. या गावच्या सामान्य कुटुंबात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंश ही नित्याची बाब. बहुतेक रुग्ण वेदनेने तळमळत, पण दोन दिवसांत बरे होत. काही मात्र, विशेषतः मुले, हातपाय गार पडून, धाप लागून, तोंडातून फेस येऊन मरत. दंश एकच, मग परिणाम दोन का? हा प्रश्न शहरातल्या पुस्तकांत नीट सुटलेला नव्हता.

डॉ. बावस्कर रुग्णांच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांच्या तासातासाच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. त्या नोंदींतून भेद उघड झाला. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. मृत्यू वेदनेने नव्हे, तर हृदय खचल्याने होतो. आणि हा धोका आधी ओळखता येतो : उलट्या, भरपूर घाम आणि गार पडलेले हातपाय ही त्याची चाहूल. पुष्कळदा असे दिसते की जो रुग्ण दंशाच्या जागी वेदनेने मोठ्याने ओरडतो तो सुरक्षित असतो, आणि ज्याला वेदना बेताची पण अंग घामाने थबथबलेले, तोच धोक्यात असतो. सामान्य माणसाच्या अंदाजाच्या हे अगदी उलट आहे. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने या पूर्वचिन्हांवरील त्यांचा लेख छापला. प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेली ती व्यवच्छेदक निदानाची उत्तम कामगिरी होय.

निदान नेमके झाल्यावर उपायही दिसला. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यावरील लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर विंचूदंशाने सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत; या उपचारानंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ साली प्रतिविषाच्या इंजेक्शनासोबत प्राझोसिन दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही त्यांच्या अभ्यासाने दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. मोठी यंत्रे नसताना, केवळ चिकाटीने पाहणे, विचारणे आणि टिपून ठेवणे यांतून काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा प्रसंग मराठवाड्याला आणि कापडव्यवसायाला एकाच वेळी स्पर्श करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेकांनी घरे सोडली. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असे कारण पुढे सांगितले गेले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. लगेच सप्टेंबरात सुरतेत ताप, खोकला आणि रक्तमिश्रित थुंकी अशी लक्षणे घेऊन माणसे मरू लागली, व फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. लाखो लोकांनी सुरत सोडली. या परिसरातील कापडदुकानांत सुरतेचा माल येतो. त्या दिवसांत कापडाची बाजारपेठ कशी ठप्प झाली, हे जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणात असेल. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. इकडे तज्ज्ञांत मतभेद होते. हा प्लेगच आहे, की मेलिऑइडोसिससारखा दुसरा एखादा रोग? जंतूंची प्रयोगशाळेतील ओळख पटवण्यास विलंब झाला, आणि त्या विलंबात भीतीने देशाचे प्रचंड आर्थिक नुकसान केले. अखेर २००० साली प्रसिद्ध झालेल्या, हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, जनुकीय कसोट्यांनी तो प्लेगचाच जंतू असल्याचे सिद्ध झाले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. रोग जिवघेणा असण्याची शक्यता असेल तर पूर्ण खात्रीची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. आणि उपचार सुरू झाले तरी खात्री करण्याचे काम सोडता येत नाही. निदान आणि उपचार ही एका गाडीची दोन चाके आहेत, आणि कोणतेही एक चाक थांबले तर गाडी थांबते.

आज प्रयोगशाळा गावाजवळ आल्या आहेत. रक्ततपासणी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांची सोय छत्रपती संभाजीनगरात सहज होते, आणि १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे सर्वांची घाटी, गोरगरिबांचा आधार आहे. मग व्यवच्छेदक निदानाची गरज उरली का, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की गरज वाढली आहे. विडाल ही चाचणी घरोघरी ठाऊक आहे. ती फ्रान्सच्या विडाल यांनी १८९६ साली, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्याच वर्षी, मांडली. परंतु पूर्वी झालेल्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ती होकारार्थी येऊ शकते. केवळ विडालचा कागद पाहून प्रत्येक तापास टायफॉइड म्हणणे, म्हणजे दोरा न जाळता ताग्यावरचे लेबल वाचून माल घेण्यासारखे आहे. तपासणीचा कागद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे आधी ठाऊक असेल, तरच चाचणीच्या उत्तराला अर्थ येतो.

ग्रामीण भागातील दोन उदाहरणे हे अधिक स्पष्ट करतील. मण्यार हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. त्याच्या दातांची खूण पुष्कळदा दिसत नाही, सूज किंवा वेदनाही नसते. पहाटे पोटदुखी आणि उलटी सुरू होते, घरच्यांना ते पित्त वाटते. नंतर पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि श्वास थांबू लागतो. ‘रात्री कोठे झोपला होता?’ हा एक प्रश्न येथे जीव वाचवू शकतो. दुसरे उदाहरण स्क्रब टायफसचे. २०१८ साली विदर्भात या तापाचे अनेक रुग्ण आढळले. गवतातील बारीक कीटक चावल्याने तो होतो आणि चावल्या जागी काळी खपली धरते. ती काखेत किंवा जांघेत दडलेली असते. रुग्णाने संकोचाने दाखवली नाही आणि डॉक्टरांनी घाईत पाहिली नाही, तर योग्य आणि स्वस्त औषध उपलब्ध असूनही रुग्ण गमावण्याची वेळ येते.

म्हणून निदानाचे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. रुग्ण आणि त्याचे घर यांचाही त्यात बरोबरीचा वाटा आहे. ताप केव्हा आला, रोज कोणत्या वेळी चढतो, आधी कोणती गोळी घेतली, शेतात किंवा परगावी जाणे झाले काय, घरात आणखी कोणी आजारी आहे काय, हे सारे न लपवता, क्रमाने सांगितले पाहिजे. दुकानाच्या वह्या जेवढ्या काळजीने जपल्या जातात, तेवढ्याच काळजीने जुने केसपेपर आणि तपासणीचे अहवाल एका फाइलीत जपले पाहिजेत. उपवासाच्या काळात औषधे बंद ठेवली असतील, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही. सुई टोचलीच पाहिजे, आजच्या आज रोगाचे नाव कळलेच पाहिजे, असा हट्ट धरल्याने चांगल्या डॉक्टरांवरही घाईचे दडपण येते. ‘दोन दिवस पाहू’ म्हणणारा डॉक्टर प्रत्येक वेळी अज्ञानी नसतो. पुष्कळदा तो यादीतील एकेक नाव खोडत असतो. मात्र त्या दोन दिवसांत कोणती लक्षणे दिसल्यास तत्काळ परत यावे, हे त्याला अवश्य विचारून घ्यावे. आणि उपचाराने गुण येत नसेल, तर नम्रपणे एवढेच विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, हे आणखी दुसरे काही असू शकेल काय?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, कारण हाच प्रश्न ते स्वतःला सतत विचारत असतात.

चरकाच्या काळापासून घाटीतील आजच्या वॉर्डापर्यंत साधने बदलली. कुत्र्या-कावळ्यांच्या परीक्षेची जागा सूक्ष्मदर्शकाने घेतली आणि सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला जनुकांची कसोटी आली. बदलला नाही तो एक नियम : जे पहिल्या नजरेत दिसते तेवढेच सत्य मानू नये, आणि पुरावा समोर आल्यावर आपले मत बदलण्यास संकोच करू नये. मांडवीच्या गल्लीत, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत याच नियमाने काम झाले. त्याचे पालन दवाखान्यात जेवढे आवश्यक आहे, तेवढेच घरातल्या रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांनीही करणे आवश्यक आहे. समाजातील प्रत्येक कुटुंबाने एवढी सावधगिरी बाळगली, तर वेळेवर ओळखला गेलेला एखादा आजार एखाद्या घराचा आधार वाचवील, आणि या व्याख्यानाचा हेतू सफल होईल.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही मंगल कामना. जय जिनेंद्र.